तिचं तिला वाचू द्या

(किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला 'शाळेतल्या मुली आणि वाचन' असा विषय दिलाय. मी साहित्यातली नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत आमचं काम चालतं. तिथं गेली काही वर्षं आम्ही एक पुस्तकपेटी चालवतो. पेटी म्हणजे खरोखरची पत्र्याची पेटी. माझ्या लग्नात आईनं दिलेली. तिच्यातून मुली पुस्तकं नेतात आणि आणून देतात. या पेटीनं मला जे शिकवलं तेवढंच मी सांगणार आहे. आमच्या चुकाही सांगणार आहे, कारण त्या तुम्हीही करत असाल अशी मला शंका आहे.

सुरुवात एका भांडणानं करते. एक आई भर दुपारी केंद्रावर आली. हातात पुस्तक होतं. ते तिनं माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाली, "अक्का, हे काय दिलंस माझ्या पोरीला? हिच्यापायी दोन दिवस पानं कापली नाहीत तिनं. आणि रात्री रडत बसते." ती आई आमच्याच गटातली. मजुरीच्या मोर्च्यात पुढं असणारी, नवऱ्यानं हात उगारला तर उलटून बोलणारी. पुस्तक होतं हरिभाऊ आपट्यांचं, 'पण लक्षांत कोण घेतो?' मुलगी नववीत होती.

आता बघा, या आईचं चुकलं असं मला पटकन म्हणता येईना. विडीचं काम तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायची. पानं भिजवायची, कापायची, विड्या वळायच्या, बांधायच्या आणि मोजून परत न्यायच्या. मजुरी हजारावर ठरते. कागदावर नाव एका बाईचं, पण हात घरातल्या सगळ्या बायकांचे. पोरीनं दोन दिवस पानं कापली नाहीत तर आईची मजुरी बुडते. म्हणजे त्या पुस्तकाची किंमत त्या घरानं रोख मोजली होती. तेव्हा 'वाचाल तर वाचाल' अशी पाटी भिंतीवर लावून हा प्रश्न सुटत नाही.

पहिला मुद्दा मी इथूनच घेते, तो वेळेचा. २०१९ साली सरकारनं देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. सहा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना धरून. घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या बायका-मुलींचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. यात पोरंबाळं, म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ वेगळाच. यावर आपण खूप भाषणं केली आहेत. पण या पाच तासांतून शाळेतल्या मुलीच्या वाट्याला मोकळा अर्धा तास किती येतो, हे आपण कधी विचारलं का? मुलगा ओट्यावर बसून मोबाइल बघत असतो, तेव्हा तो 'बसलाय'. मुलगी पुस्तक घेऊन बसली की ती 'रिकामी बसलीय'. अभ्यासाचं पुस्तक असेल तर एक वेळ चालतं. त्यातून मार्क मिळतात, मार्कातून नोकरी, निदान बरं स्थळ मिळतं. गोष्टीच्या पुस्तकाचं घराला काहीच मिळत नाही. ते फक्त तिच्यासाठी असतं, आणि म्हणूनच ते खटकतं.

हे आजचं नाही. मुलीनं वाचलं तर ती विधवा होते, असं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात उघड बोललं जायचं. रमाबाई रानड्यांनी १९१० साली छापलेल्या आठवणींत घरातल्या बायकांनी त्यांच्या शिकण्यावरून किती छळलं ते लिहिलंय. नवरा शिकवायला तयार आणि घरातल्या बायका विरोधात, अशी ती तऱ्हा. त्या बायका दुष्ट होत्या असं समजू नका. एकीचा वाचनाचा तास म्हणजे दुसरीवर वाढलेलं काम, हे गणित त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. म्हणून मुलींना वाचायला द्यायचं असेल तर आधी त्यांच्या आयांशी बोलायला लागतं. आणि त्या वेळात भांडी कोण घासणार याचं उत्तर घेऊनच बोलायला लागतं.

आता दुसरा मुद्दा. वाचायचं तर कादंबरीच का? आणि तीही खऱ्या आयुष्याची का? परीकथा, साहसकथा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आमच्या पेटीत त्याही आहेत आणि लहान मुली त्यांच्यावर तुटून पडतात. पण बारा-तेरा वर्षांपासून पुढं मुलीच्या डोक्यात एक प्रश्न घर करतो. माझ्याच घरी असं का? बाप पितो, आई मार खाते, आजी आईलाच बोल लावते, भावाला दूध आणि मला चहा. हे सगळं तिला नशीब वाटतं, नाहीतर आपल्या घराची लाज. कोणाला सांगायचं नाही असंही वाटतं. चांगली वास्तववादी कादंबरी तिला दुसरं घर आतून दाखवते. शेजारणीचं घर आपण दारातून बघतो, कादंबरीतलं घर चुलीपासून बघतो. पैसा कुठून आला, कुठं गेला, कोणाचा शब्द चालला, कोण गप्प बसलं आणि का, हे क्रमानं दिसतं. मग नशीब म्हणून जे वाटत होतं त्याला कारणं दिसायला लागतात. आपण शिबिरात दोन तासांत जे फळ्यावर मांडतो, ते तिथं तीनशे पानांत एका बाईच्या अंगावर घडतं.

उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या. १९६० सालची, वऱ्हाडी बोलीतली. कौतिक नावाची बाई संसार उभा करायला जिवाचं रान करते, नवऱ्याचा हातभार नाही, आणि परिस्थिती तिला मागं मागं ढकलत नेते. आमच्या घरून तेलुगू बोलणाऱ्या मुलींना वऱ्हाडी कळेल का, म्हणून मी ते पुस्तक पेटीत ठेवायलाच तयार नव्हते. एका मुलीनं हट्टानं नेलं. परत आणताना म्हणाली, "ताई, भाषा पहिल्यांदा अडली. मग आईचं बोलणं समजून घ्यावं तशी घेतली." मी गप्प बसले. मुलींना काय झेपेल हे ठरवण्यात आपण किती घाई करतो!

तिसरा मुद्दा आमच्या चुकीचा. पेटी सुरू केली तेव्हा आम्ही प्रत्येक पुस्तकात एक कागद ठेवायचो. पाच प्रश्न. या कादंबरीतील स्त्रीपात्राचे शोषण कोणकोणत्या प्रकारे झाले आहे? तिने काय करायला हवे होते? तुम्हाला कोणता बोध मिळाला? आम्हाला वाटायचं, आपण जाणीवजागृती करतोय. कागद भरून यायचे, सुंदर अक्षरात. सगळ्यांचे सारखे. आणि पुस्तकं अगदी कोरी परत यायची, एका पानावर तेलाचा डाग नाही. वाचलेलं पुस्तक असं दिसत नाही हो! मुली शेवटचं पान आणि मलपृष्ठ वाचून उत्तरं लिहीत होत्या, बाकीच्या त्यांची नक्कल करत होत्या. शाळेत धड्याखालच्या स्वाध्यायाचं जे होतं तेच इथं झालं.

मग एक दिवस सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, "ताई, बोध नको असेल तर पुस्तक मिळेल का?"

त्या दिवशी आम्ही कागद बंद केले. आता आमचे नियम चार आहेत. पुस्तक तिनं स्वतः निवडायचं. नाही आवडलं तर अर्ध्यावर सोडायचं, कारण विचारायचं नाही. तेच पुस्तक पुन्हा हवं असेल तर पुन्हा न्यायचं. आणि त्यावर बोलायचं की नाही हे तिनं ठरवायचं. वहीत फक्त नाव, पुस्तक आणि तारीख. 'अभिप्राय' असा एक रकाना होता, तोही खोडला. आमच्यातल्या काहीजणींना हे फार सैल वाटलं. मग आपलं काम काय, चळवळीचा विचार कुठं आला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना एवढंच विचारलं, की या मुलीच्या दिवसात दुसरी कोणती गोष्ट आहे, जी ती स्वतः निवडते आणि नको झाली तर सोडू शकते? कपडे आई ठरवते, शाळा बाप ठरवतो, वाट भाऊ ठरवतो. नवरा सगळे मिळून ठरवतात. निवडण्याची आणि नाही म्हणण्याची सवय कुठून लागणार? पुस्तक अर्ध्यावर मिटण्यात फार काही बिघडत नाही. तिथं तरी ती 'नाही' म्हणायला शिकू दे.

कागद बंद झाले आणि मुली आपणहून बोलायला लागल्या. त्यांचं वाचणं कसं असतं याचे दोन नमुने सांगते.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' आमच्याकडे सगळ्यात जास्त फिरते. २००४ साली आली, पुढं तिच्यावर चित्रपटही निघाला. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा, वर्गातली शिरोडकर त्याला आवडते, अशी ती गोष्ट. मुलींनी पारायणं केली. खिदळल्या. मग एकदा पानं कापता कापता एकजण म्हणाली, "सगळं तोच सांगतो. शिरोडकरला काय वाटत होतं ते कुठाय?" बाकीच्या थबकल्या. आणि मग त्यांनी तासभर शिरोडकरचं मन तयार केलं. रस्त्यात कोणी मागून येतंय हे कळल्यावर पोटात काय होतं, आवडत असलं तरी भीती कशी वाटते, गोष्ट बाहेर फुटली तर शाळा कोणाची सुटते, मुलाची की मुलीची. लेखकानं मुलाच्या नजरेतून लिहिलं हा त्याचा दोष नव्हे. पण उरलेली अर्धी बाजू या मुलींनी स्वतः भरली, आणि ती आम्ही विचारल्यामुळे भरली नाही.

दुसरा नमुना 'बळी'चा. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर हे तुम्हाला माहीतच आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा केवढं वादळ उठलं, लिहिणारी खरी कोण याचा शोध कसा चालला, हे आपण चळवळीत अनेकदा ऐकलंय. त्याच बाईंनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम केलं होतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, पुढं त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. तिथल्या जगण्यावर १९५० साली त्यांनी 'बळी' लिहिली. देशभरातून तो कायदा जाईपर्यंत १९५२ साल उजाडलं. सोलापुरात तो भाग आजही सेटलमेंट याच नावानं ओळखला जातो. तिथून येणाऱ्या एका मुलीनं पुस्तक नेलं आणि घरी आजीला रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. आजीला वाचता येत नाही. पुस्तक परत देताना मुलगी म्हणाली, "आजी म्हणते, बाईनं बरंच खरं लिहिलंय. पण बाई फाटकाच्या बाहेर राहायची, म्हणून दोन गोष्टी चुकल्यात." कोणत्या चुकल्या ते तिनं मला सांगितलं. ते घरातलं आहे म्हणून इथं सांगत नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की छापलेल्या शब्दाला चूक म्हणण्याची हिंमत त्या घराला आली. आणि ज्या आजीला सगळे अडाणी म्हणत होते, ती त्या आठ दिवसांत घरातली जाणकार झाली.

अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' नेणाऱ्या एका मुलीनंही असंच विचारलं होतं, "ताई, आमच्या लोकांवर पण कादंबरी असते?" आपल्या जातीचं नाव आजवर तिनं शिवी म्हणून ऐकलेलं. ते इथं कथानायकाला लागलेलं बघितलं. यावर मी जास्त बोलत नाही. फक्त पेटीत कोणाची घरं आहेत आणि कोणाची नाहीत, हे भरणाऱ्या बाईनं स्वतःला विचारावं. आमच्या पेटीत पहिल्या वर्षी जवळजवळ सगळी पांढरपेशी घरं होती. ती माझी निवड होती आणि मला ती दिसली नव्हती.

आता त्या भांडणाकडे परत येते. कारण अवघड गोष्ट तिथंच आहे.

ती नववीतली मुलगी 'पण लक्षांत कोण घेतो?' तिसऱ्यांदा वाचत होती. ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. लहानपण, लग्न, थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीनं केलेलं केशवपन. जुनी भाषा, भली जाडजूड. मला वाटलं होतं हिला कोणी हात लावणार नाही. आईशी बोलताना कळलं, की मुलीचं लग्न ठरवायचं चाललंय. पलीकडच्या जिल्ह्यातलं स्थळ, घरचं शेत, हुंडा नको म्हणतात. मुलीनं आम्हाला यातलं काही सांगितलं नव्हतं. यमूबद्दल मात्र ती बोलत होती. तिनं एकदा सहज विचारलं होतं, "ताई, यमूच्या वेळी लग्नाला कायदा नव्हता?"

मी तिला सांगितलं होतं. ती कादंबरी छापून येत होती तेव्हाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला आणि वय १० वरून १२ वर गेलं. तेवढ्यावरूनही केवढा गदारोळ झाला. मग १९२९ चा शारदा कायदा, मुलीच्या लग्नाला १४ वर्षं. १९४९ साली १५, १९७८ साली १८. २००६ साली बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा आला. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे मला अजून तीन वर्षं." मला वाटलं, हुशार मुलगी आहे, हिशेब करतेय. ती स्वतःचाच हिशेब करत होती हे माझ्या लक्षात आलं नाही. कादंबरीचं नाव तोंडपाठ असलेली मी! आणि मैत्रिणींनो, बालविवाहाच्या कायद्याचं पोस्टर आमच्या केंद्राच्या भिंतीवर दोन वर्षं होतं. त्याच्याखाली बसून ती पुस्तक बदलायची. पोस्टर तिला दिसलं नाही. यमूनं तिला प्रश्न दिला, मग तिला कायदा हवासा झाला.

पुढं काय झालं तेही सांगते. पुस्तकानं लग्न थांबलं असं सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल, पण ते खोटं होईल. आईशी बोललो, बापाशी बोललो, मामाला बोलावलं. गटातल्या बायका घरी गेल्या. बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याकडे जाऊ असं स्पष्ट सांगितलं. लग्न पुढं ढकललं. मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली. निकाल लागायच्या आत घर बंद करून सगळे गावाकडे गेले. तिथं लग्न लागलं हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी शेकडा २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्या बावीसमधली एक मला माहीत होती, तिचा प्रश्न मी ऐकला होता आणि तरी वेळेवर ओळखला नाही.

यावरून आमच्या गटात मोठा वाद झाला. एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "यमू मरते, कौतिक हरते. या पोरींना आधीच काय कमी दुःख आहे? जिंकणाऱ्या बायकांच्या गोष्टी द्या. उगीच रडवता कशाला?" तिचं बोलणं सोडून देण्यासारखं नाही. सावित्रीबाईंचं चरित्र, सरपंच बायकांच्या हकिकती, खेळाडू मुलींची पुस्तकं, ही पेटीत हवीतच. आता आहेतही. पण आपण फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी दिल्या तर हरलेली मुलगी काय समजेल? मीच कमी पडले. यमू मुळीच कमी पडलेली नाही, ती हुशार आहे, चांगली आहे, आणि तरी हरते. मग दोष कुठं आहे हे वाचणारीला शोधावं लागतं. ते शोधणं आपण तिच्याऐवजी करू नये. तरीही मी कबूल करते, की एकटी रात्री रडणारी मुलगी हा गंभीर प्रश्न आहे. तिचं तिला वाचू द्यायचं म्हणजे तिला एकटं टाकायचं असा अर्थ मी लावला होता. तो चुकला.

म्हणून आता आम्ही काही गोष्टी पाळतो. एक, पेटीत जाणारं प्रत्येक पुस्तक आमच्यापैकी कोणीतरी आधी पूर्ण वाचलेलं असतं. बलात्कार, मारहाण, आत्महत्या असेल तर नेताना तेवढं सांगतो, म्हणजे ती तयारीनं नेईल किंवा नेणार नाही. दोन, पुस्तक देणारी बाई आठवड्यातून एक ठरलेला तास तिथं नुसती बसते. प्रश्न विचारत नाही, पण निघायची घाईही करत नाही. तीन, एखादी मुलगी एकच पुस्तक पुन्हा पुन्हा नेत असेल तर ते लक्षात ठेवतो. चार, आणि हे फार महत्त्वाचं, 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. कादंबरीतल्या मुलीबद्दल बोलता बोलता मुली स्वतःबद्दल सांगतात. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. तेव्हा 'मी तुला विचारल्याशिवाय गावभर करणार नाही, पण मदत लागेल तिथं मला बोलावं लागेल,' असं आधीच खरं सांगितलेलं बरं.

मुलांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. मुलंही नेतात. त्यांनी आईची, बहिणीची घरं आतून वाचायलाच हवीत. फक्त त्यांची वेळ वेगळी ठेवली आहे, कारण एकत्र वेळ होती तेव्हा चटईवर मुलं बसली आणि मुली दारातूनच पुस्तक बदलून परत गेल्या.

शेवटी थोडं कामाचं. प्रत्येक गटाला पेटी जमेलच असं नाही, पण कपाटं आधीपासून आहेत. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत असं लिहिलंय. बऱ्याच शाळांत ती असतातही, कुलपात. पुस्तक हरवलं तर आपल्याकडून भरून घेतील ही भीती शिक्षकांना असते, त्यात सगळा त्यांचाच दोष नाही. याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका हव्यात असंही आहे. तुमच्या गटातल्या किती बायका या समितीवर नुसत्या सहीपुरत्या आहेत? त्यांनी पुढच्या बैठकीत एकच विषय मांडावा. कपाटाची किल्ली वर्गात ठेवा, दर वर्षी चार-दोन पुस्तकं हरवतील ती हरवू द्या, आणि आठवड्यात एक तास प्रश्नांशिवाय वाचायला द्या. दुसरं, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं आपल्या गावोगावी आहेत. तिथं पेपर वाचणारे पुरुष बसलेले असतात म्हणून मुली पायरी चढत नाहीत. गटानं आठवड्यातून एक संध्याकाळ मुलींना घेऊन तिथं जायचं आणि नुसतं बसायचं. पहिल्या दिवशी सगळे बघतील. चौथ्या आठवड्यापर्यंत सवय होईल.

त्या मुलीनं 'पण लक्षांत कोण घेतो?' परत केलं नाही. बरोबर नेलं की घर आवरताना रद्दीत गेलं, मला माहीत नाही. वहीत तिच्या नावापुढं परतीची तारीख रिकामी आहे. वर्षअखेरीला हरवलेल्या पुस्तकांवर आम्ही लाल रेघ मारतो. तिच्या नावावर कोणी मारलेली नाही. तिची आई मधे एकदा येऊन गेली. काही बोलली नाही. धाकटीसाठी पुस्तक मागितलं. म्हणाली, "संध्याकाळी पानं मी कापते, तिला अर्धा तास देते. पण जाड नको देऊ." मी जाडच दिलं. धाकटीनंच निवडलं होतं ते.

तुम्हाला एकच विनंती. घरी गेल्यावर आपल्या घरातल्या, आपल्या गल्लीतल्या मुलीकडे बघा. ती कोणत्या वेळी पुस्तक घेऊन बसते? बसत नसेल तर त्या वेळी तिच्या हातात काय असतं? ते आधी काढून घ्या, मग पुस्तक द्या. आणि दिल्यावर बोध विचारू नका.

एवढं बोलून मी थांबते.